चार नट कमी

रॅक आला आर्वीला, एसटीच्या टपावरून.
खोक्यावर बाण वर, खोकं आडवं.
यादीत केज नट वीस. पुडीत सोळा.
शालिक मडावीनं दोनदा मोजले,
मग सवयीनं गाडीकाट्यावर टाकले.
काट्यानं शून्य दाखवलं.

कंपनीतली पोरगी गोड बोलली:
“न मिळालेल्या वस्तूचा फोटो पाठवा.”
“जे आलंच नाई बाप्पा, त्याचा फोटू काढू कसा?”
तरी काढला एक, पसरल्या तळहाताचा;
रेषांत ग्रीस, बोटाला रुईचा तंतू.

उत्तर यायचंय अजून.
तोवर सर्व्हरचा चौथा कोपरा
गाठी बांधायच्या पट्टीनं आवळलाय.
जिनिंग सुरू झालं की थरथरतो,
पंख्याची जाळी कापूस धरते,
अन् पावती निघते
किलोला किलो बरोबर.