गुरुवारची वीस मिनिटं

पगाराचं शीट कुलूपबंद आहे
आणि खळदकरबाई मार्चअखेरीला निवृत्त होऊन
लेकीकडे नाशिकला गेल्यात.
रणपिसे साहेब म्हणाले, लेट मार्कचा नियम बदलायचाय,
दहा मिनिटांवर अर्धा दिवस कापा.
आजच.

सेलवर बोट ठेवलं की शीट खेकसतं:
संरक्षित आहे, हात लावू नका.
अगदी बाईंच्याच आवाजात,
पंचिंगची कार्डं मोजताना
मध्येच कुणी बोललं की लागायचा तो.

पण कोपऱ्यातलं राखाडी बटण दाबलं
की तेच शीट निमूट आकडे लिहून घेतं,
एकशे बारा माणसं, नऊ सेकंदांत.
म्हणजे मॅक्रोकडे किल्ली आहे.
ऑल्ट आणि एफ-अकरा.
दुपारचे तीन. खाली प्रेस धाडधाड वॉशर पाडतोय
आणि टेबलावरच्या चहाला
बारीक बारीक वर्तुळं येतायत.

पहिली ओळ कुलूप काढते, शेवटची घालते,
आणि पासवर्ड तिथेच, उघड्यावर,
पायपुसण्याखालच्या किल्लीसारखा:
नळकोरडा.
इंग्रजी अक्षरांत, सगळं जोडून.

हसले. मग मधल्या ओळी वाचल्या.
वार जर गुरुवार असेल
तर उशिरातून वीस मिनिटं वजा.
त्याच्या वर, हिरव्या अक्षरांत,
यंत्र जी ओळ वाचतच नाही तशा ओळीत:
धायरी, नऱ्हे, आंबेगाव पठार. पाणी बंद.
टँकर सातला, कधी आठला.

अकरा वर्षं.
मला वाटायचं, गुरुवारी दारावरचं घड्याळ मागे पडतं.
दोन हंडे, एक बादली, ओला पदर तसाच खोचून
धावत यायचे, आठ चाळीस, आठ बेचाळीस,
आणि महिनाअखेरीला पगार पुरा.
दत्ताचा वार, दत्ताची कृपा म्हणून
एकदा पाव किलो पेढेसुद्धा ठेवून आले होते.

अजून एक अट होती:
ओळ क्रमांक नऊ सोडून.
वर जाऊन पाहिलं. नऊ म्हणजे
खळदकर कुमुदिनी य.
बाई धायरीतच राहायच्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही.
जुनी शीटं उघडत गेले मागे मागे.
त्यांचे गुरुवार कापलेले,
सत्तर रुपये, पंच्याऐंशी,
एका महिन्यात तर चारही.
स्वतःच लिहिलेल्या बटणानं, स्वतःच दाबून.

काचेपलीकडून साहेब: उघडलं का?
उघडलं.
काय होतं आत?
सूत्रं, म्हणाले.

दहा मिनिटांचा नियम घातला, सांगितला तसाच.
तो सहाही दिवस चालतो.
गुरुवारी त्याच्या आधी काय होतं
ते त्यांनी विचारलं नाही.
नऊच्या पुढे एक स्वल्पविराम दिला
आणि सदतीस लिहिलं.
सदतीस म्हणजे मी.

कुलूप घालणारी ओळ होती तशीच ठेवली,
पासवर्डही.
बटण दाबलं. नऊ सेकंद.
एकशे बारा माणसं खाली उतरली आणि शीट मिटलं.

आज बुधवार.
घरी गेल्या गेल्या पिंप भरून ठेवायला हवं.