अस्तेय

घणसोलीत, हायटेन्शनच्या तारांपासून जरा अलीकडे
देवळाला टेकून उभी पत्र्याची शेड.
तीन भिंती. चौथीच्या जागी
गणपतीत उरलेला मंडपाचा पडदा.
दर रविवारी साडेनऊला इथे
माझा संस्कारवर्ग भरतो.

एकवीस मुलं, एक सतरंजी.
तिचा कोपरा उसवलाय. मुलं तो दोरा ओढतात
आणि श्लोक म्हणतात,
दोन्ही एकाच लयीत.

महिन्याला एक गुण.
श्रावणात सत्य झालं. भाद्रपदात सुट्टी होती.
आश्विनात क्षमा घेतली,
त्या महिन्यात सगळ्यात जास्त मारामाऱ्या झाल्या.
आता कार्तिक. फळ्यावर लिहिलं: अस्तेय.
जे आपलं नाही, ते घेऊ नये.

इथेच थांबायला हवं होतं.
मी उदाहरणं मागितली.

कविश म्हणाला, शेजारच्या काकांचं वायफाय.
हशा पिकला, वहीत त्याला एक चांदणी.
सानिध्या म्हणाली, ताईच्या डब्यातलं लोणचं.
तिला अर्धीच दिली, कारण ती ते अजून घेते.
सगळं कसं पुस्तकासारखं चाललं होतं.

मग उर्वी मढवी उठली. पाचवीतली,
दिसेल ते वाचणारी:
बिस्किटाचा पुडा, रिक्षाची पाठ,
औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर.
'बाई, चपलांच्या पाटीखाली एक कागद लावलाय.'
आणि तिने वाचलाच.
सदर बांधकाम अनधिकृत असून...
'सदर'ला अडखळली नाही.
'निष्कासित'ला अडखळली, तेवढं मी सुधारून दिलं.
जुनी खोड.

'म्हणजे ही जागा आपली नाही?'

मी म्हटलं, देवाची आहे.
ती म्हणाली, 'आमचे तात्या बोलतात, आमची होती.
भात पिकायचं इथे. फळा आहे ना, तिथे बांध होता.
सिडकोने घेतली, नि साडेबारा टक्क्यांची फाईल
अजून फिरतेच आहे.'
मग जरा थांबून,
'मग यात चोर कोण, बाई?'

एकवीस तोंडं माझ्याकडे,
एरवी प्रसादाच्या ताटाकडे असतात तशी.

माझ्या पुस्तकात प्रत्येक गुणाला एक गोष्ट आहे.
गोष्टीत एखादा राजा किंवा लाकूडतोड्या,
आणि शेवटच्या ओळीत ज्याची वस्तू त्याला परत.
त्यात फाईल नसते.
त्यात नोटिशीवर जावक क्रमांक नसतो.

हात उगाच टेबलावर फिरत होता,
हजेरीच्या पानांवरून, स्टेपलरवर येऊन थांबला.
टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झाले
तेव्हा पर्समधून घरी आलेला स्टेपलर.
'आलेला.' बघा,
एकतीस वर्षं सरकारी मराठी लिहिल्यावर
वाक्यातून कर्ता कसा अलगद काढता येतो.

मी म्हटलं, मला माहीत नाही.
या शेडमध्ये हे वाक्य
मी आजवर उच्चारलं नव्हतं. पत्र्याला ते
जरा मोठ्यानेच ऐकू गेलं असावं.
घरी विचारा, म्हटलं. तात्यांना विचार.
काय म्हणतात ते मलाही सांग.

गूळखोबरं वाटलं. मुलं चपला शोधायला गेली.
ट्रस्टचे धुरी आले, हळूच म्हणाले,
'तो कागद तेवढा काढून टाका हो मॅडम,
मुलं काहीबाही वाचतात.'

प्लायवूडवर त्याचा एक कोपरा सुटून फडफडत होता.
नखाने ओढला असता तर निघाला असता.
मी स्टेपलरचं तोंड उलटं उघडलं,
कोपरा दाबून धरला.
खट्.
धुरी बघत राहिले. मलाही
पुढचं काही सुचलं नव्हतं.

उर्वी एका पायात चप्पल घालून उभी होती.
'बाई, यावर पण काहीतरी लिहिलंय.
पांढऱ्या रंगाने.'

हो, म्हटलं.
स्टेपलर तिच्या हातात दिला.
वाच.