चुक्की

डिसेंबरचा पहिला रविवार. मिस्सा सुटली की
मी खानापूरच्या बाजारात भैरू बुरडाकडं जातो.
बारा कामट्या दे, म्हणतो, हात हातभर, बिनगाठीच्या.
भैरू म्हणतो, बिनगाठीचा बांबू आणि बिनभांडणाचं घर,
दोन्ही दाखव मला, फुकट देतो.
मग बारा मोजतो. त्यातल्या दोन गाठीच्या,
दरवर्षी दोनच, जणू ठरवून.

अंगणात पोत्यावर सगळं मांडलंय:
संक्रांतीसाठी आलेला पतंगाचा कागद, लाल आणि पोपटी,
शहापूरच्या मागावर उरलेली जरीची किनार,
ती तिथली सुंद्राबाई वर्षभर चहाच्या डब्यात साठवते
आणि पैशाचं काढलं की रागावते.
मैद्याची खळ. तिच्यात चिमूटभर मोरचूद,
नाहीतर आमच्या आधी झुरळंच नाताळ करतात.

आठ तारखेला आपोलीननं नाचणी पेरली
तेलाच्या डब्याच्या पत्र्यात, गोठ्यापुढच्या कुरणासाठी.
जांबोटीकडून वारं सुटतं, कोंब कवळे,
म्हणून रात्री त्यांच्यावर माझी जुनी बनियन पांघरते.
माझ्यावर कुणी इतक्या मायेनं काही पांघरल्याचं
मला तरी आठवत नाही.
बोललो तसं. म्हणाली, तू उगवतोस काय रे.

गोठा कौलांचा.
कारखाना बंद पडला तेव्हा अकरा तडकी कौलं घरी आणली होती,
पगाराच्या हिशेबात ती धरली नाहीत.
मेंढरं मलप्रभेच्या मातीची, भाऊ सांतान करतो,
आणि सांतानचं प्रत्येक मेंढरू कुत्र्यासारखं दिसतं.
तिसरा राजा दोन वर्षांमागं पडून फुटला.
त्याच्या जागी गोकाकचा लाकडी फेटेवाला उभा आहे,
काखेत जोंधळ्याचं कणीस.
सोनं, ऊद आणि जोंधळा.
बाळाला दात आले की भाकरी लागेलच.

संध्याकाळी कुलकुल.
नवी फणी, केसांना कधी न लागलेली,
वर्षभर आल्तारामागं जपलेली.
पिठाची गोळी दातांवर दाबायची, अंगठ्यानं ओढायची,
गुंडाळली की शिंपला.
शेजारची शिवक्का येते, तिची गंगव्वा येते,
आमचा ज्युझे तीन करतो, दोन कच्चेच खातो.
बोलणं कानडीत सुरू होतं, कोंकणीत हसतं,
मराठीत कुणाचं तरी लग्न मोडतं,
आणि भाषा कधी बदलली
हे तेलात सोडलेल्या घाण्याशिवाय कुणाला कळत नाही.
त्यालाही बहुतेक नाही.

चांदणी मी शेवटी बांधतो.
मांय तिला नखेत्र म्हणायची,
दोरा तिच्या दातांत, शब्द दोऱ्यातून यायचा.
ह्या वर्षी गाठीच्या दोन्ही कामट्या एकाच टोकाला आल्या.
टोक वाकडं. उसवलं, पुन्हा बांधलं,
पुन्हा वाकडं, उलट्या बाजूला.
तसंच कागद चिकटवून पेरूच्या फांदीला टांगलं
आणि कुणी बघितलं नसेल अशी आशा केली.

भिंतीवरून शिवक्का म्हणाली,
चुक्की चंद आग्येद, नोड्री.

मी म्हणालो, चुकी माझी नव्हे, भैरूची,
गाठ त्यानं घातली, वर पैसे पुरे घेतले,
आणि खळ ओली होती, आणि ज्युझेनं दोरा सोडला...
ती ऐकत राहिली. मग भिंतीला धरून हसली,
पदर तोंडात कोंबला तरी हसली.
चुक्की ओ, चुक्की, म्हणाली, आणि बोट वर केलं.
पेरूच्या वर, विजेच्या तारेच्या वर,
तिथं एक उगवली होती. सरळ होती की वाकडी,
इतक्या लांबून कळत नव्हतं.

तेव्हापासून घरात हाच शब्द.
ज्युझे विचारतो, आबा, चुकी पेटवू?
पेटव, म्हणतो.
लाल उजेड अंगणात पडतो,
वाकडं टोक शिवक्काच्या मिरच्यांपर्यंत पोचतं.
आपोलीन उठते,
नाचणीवरची बनियन सारखी करते.