आधीचे तीन

तांडापेठेतली मनपाची शाळा, दुसरी ब.
एप्रिलची सकाळपाळी. कूलरमध्ये पाणी नाही,
नुसताच पंखा घरघरतो.

फरशीवर मी चिंचोके मांडते,
तीन-तीनचे पाच पुंजके.
‘एका पुंजक्यात किती?’ ‘तीन.’
‘अन् दोन पुंजक्यांत?’
संघपालचं बोट पुन्हा पहिल्या चिंचोक्यावर.
एक, दोन, तीन, चार…
तिसरा पुंजका आला की बोट परत मागं.

‘अरे, हे तीन मोजलेस ना मघाशी?
ते धर मनात, अन् पुढं चल.’
त्यानं माझ्याकडं पाहिलं.
‘अन् कोनी उचललं असन तं?’

बारा वर्षं शिकवतेय बेरीज.
तिच्यात आधी विश्वास मिळवावा लागतो,
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मग मी पुंजक्यावर तळहात ठेवला.
‘आता?’
तो वाकला, बोटांच्या फटीतून बघून आला.
‘आहेत.’
आणि हळूच, नजर माझ्या हातावरच ठेवून,
‘तीन… चार, पाच, सहा.’
दुसऱ्यावर त्यानं स्वतःचा हात ठेवला.
तिसऱ्याला हात पुरेना,
तशी दिव्यानी धावत आली, डब्यातला गूळ बोटांना तसाच.
नऊ. बारा.
शेवटचा पुंजका कुणी झाकलाच नाही,
सगळेच ओरडले, पंधरा!

घंटा झाली. वर्ग रिकामा.
चिंचोके बरणीत भरताना मी म्हणत गेले,
तीन, सहा, नऊ, बारा,
चौदा.

पदर खोचून फरशीवर बसले,
बरणी पालथी केली,
आणि पहिल्या चिंचोक्यावर बोट ठेवलं.
एक.