केसभर

जालन्याच्या आयटीआयत टर्नरच्या शेडमध्ये
सात लेथ आहेत. चालू चार.
चौथ्याचा चक परवा तिसऱ्याला लावला,
म्हणजे तीनच म्हणा.

बावीस वर्षं मी फळ्यावर तोच पायऱ्यांचा शाफ्ट काढतोय.
पोरं कातायची, मी बघायचो,
‘चालतंय’ म्हणायचो.
माझे वडील सुतार. ते सुतात मोजायचे.
दोन सूत इकडं, दोन सूत तिकडं,
तरी दार लागायचं.

फेब्रुवारीत सल्लागार समितीची बैठक भरली.
बियाणं चाळायच्या मशिनी बनवणारे गट्टाणी आले,
रुमालात गुंडाळलेला शाफ्ट काढून
उसाच्या कांडक्यासारखा माझ्यापुढं ठेवला.
‘मास्तर, तुमच्या पोरानं कातलाय.’
‘किती चुकला?’
‘केसभर.’
मी हसलो. ते हसले नाहीत.
डोक्यावरचा एक पांढरा केस त्यांनी उपटला,
माझ्याच मायक्रोमीटरात धरला.
सात शतांश.
‘बेअरिंगला दोन लागतात.
सातात ते आधी तापतं, मग रडतं,
आणि मे महिन्यात, पोत्यांची थप्पी लागलेली असताना,
बसतं.’

प्राचार्य म्हणाले, ठराव करू.
चहा झाला, सह्या झाल्या.
ठरावाला काय, तो कुठंही सैल बसतो.

निघताना मी विचारलं, तुमच्याकडं माप कोण तपासतं?
‘तुमचीच पोरगी. तस्लीम.’

तस्लीम शेख. दुःखीनगरची.
वीस पोरांत एकटी.
ओढणी अडकेल, असं म्हणून
मी तिला वर्षभर टूलरूमच्या रजिस्टरवर बसवलं होतं.
कोण व्हर्नियर नेतो, कोण परत देतो, लिही.
गेज पूस, तेल लाव, पेटीत ठेव.
ती पुसायची. ठेवायच्या आधी, म्हणे,
प्रत्येकाने एकदा काहीतरी मोजायची.
स्वतःचं नख. शेंगेचं टरफल. हजेरीच्या वहीचं पान.
हे मला तिनं आत्ता सांगितलं,
आणि आवाज न चढवता सांगितलं.

आता रविवारी मी एमआयडीसीत जातो.
माझी सुट्टी, तिची पहिली पाळी.
काचेच्या दाराआड सीएनसी पांढऱ्या दुधात कापते,
कूलंटचा वास शर्टात बसतो, बायको नाक मुरडते.
पहिल्या दिवशी मी वही उघडून पुढं सरकलो
तर ती म्हणाली,
‘सर, मफलर काढा अगोदर.’

काढला. घडी घातली. कुठं ठेवावा कळेना.

तिथून मी नाकारलेले शाफ्ट पोत्यात भरून आणतो.
स्कूटरवर, पायाशी. अंबड चौफुलीला
हवालदारानं विचारलं, काय आहे?
म्हटलं, चुका आहेत. बघायच्या का?

सोमवारी त्या टेबलावर मांडतो.
पोरं एकेक मोजतात, खडूनं आकडा लिहितात:
चार, सहा, नऊ, वजा तीन.
मग सगळ्यांनी आपापला केस उपटायचा आणि मोजायचा.
ज्ञानोबा काळदाते मागून ओरडतो,
‘सर, टकलं असलं तर काहून करायचं?’
शेड हसते. मीही.

लेथ मात्र जुनाच.
त्याच्या स्क्रूत अर्ध्या मिलिमीटरची ढिलाई आहे,
चाक उलटं फिरवलं की हात आधी रिकामाच फिरतो.
तेवढा रिकामा फेरा मोजायला शिकवतोय.
अर्धा मागं या, मग पुढं, श्वास धरून.
शेवटाला एमरी पेपर, बोटाच्या टोकानं.

काल प्रियंका वाघुंडेनं शाफ्ट आणून दिला.
वही ओट्यावर ठेवली, वेणी जाळीत खोचलेली.
मी मोजलं. दोन. पुन्हा मोजलं. तीन.
तिसऱ्यांदा मोजायला हात उचलला,
तर तिनं मायक्रोमीटर माझ्या हातून घेतला,
फडक्यानं जबडे पुसले,
आणि म्हणाली,
‘थांबा सर. आधी गार होऊ द्या त्याला.’