लोकसंख्या ४१२

पाटी मीच उतरवली.
चार नट. त्यातला एक गंजून पाटीशी एकजीव झालेला.
त्याला थोडं रॉकेल पाजलं, एक सिगारेट संपेपर्यंत थांबलो,
मग कुरकुरत सुटला.
काराकुयू गाव, लोकसंख्या ४१२.
नव्या पाटीवर गाव नाही. मोहल्ला.
माणसं किती, तेही नाही.

शहर इथून अठ्ठावन्न किलोमीटर.
मधे बीटाची शेतं, बंद पडलेला साखर कारखाना,
मेंढ्यांना पाणी पाजायची तीन डबकी
आणि आनातोलियाचा तो वारा, ज्याला अडवायला झाड नाही.
कायद्याने एका मध्यरात्री हे सगळं ओलांडलं
बुटाला धूळ न लागता.
लोक गावात झोपले, शहरात उठले.
सातिलमिश काका म्हणाले,
"थोरला जर्मनीला गेला, धाकटा इस्तंबूलला,
मीच तेवढा जायचा राहिलो होतो.
आता मीही पोचलो.
खाटेवरून पाय खाली न टाकता."

मग यादी आली: गावाच्या मालकीचं जे जे, ते महापालिकेकडे जमा करा.
मुखत्याराने चष्मा पुसून लिहिलं,
ट्रॅक्टर एक, बॅटरी नाही.
लग्नातले चहाचे पेले बेचाळीस.
मयताला अंघोळ घालायची फळी, अक्रोडाची.
कुरण, जेवढं दिसतं तेवढं.
एडका एक.
शहरातून फोन आला,
एडक्याचा घसारा दरसाल किती टक्के धरायचा?
मुखत्यार बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला.
एडकाही त्याच्याकडे.
"लिहा," तो म्हणाला, "अजून वाढतोय."
आणि शिक्का उमटवला. शेवटचा,
कारण शिक्काही यादीत होता.

झऱ्याच्या पाण्याला मीटर मी बसवले.
महिन्याच्या महिन्याला आकडा मीच वाचतो,
आणि दोंदू मावशीला तिचं बिलही, तिला बारीक अक्षर दिसत नाही.
चौथी मुलगी ती, म्हणून दोंदू, म्हणजे 'वळली':
आता तरी नशीब वळावं.
ते वळलं आणखी दोन मुलींनंतर.
"पाणी," मी वाचतो. ती मान हलवते.
"कचरा." हलवते.
"सांडपाणी शुल्क."
"थांब," ती म्हणते. "माझं सांडपाणी
नासपतीच्या बुंध्याशी जातं, सासू होती तेव्हापासून.
शहराला ते हवं असेल
तर म्हणावं ये, भांडं घेऊन ये."
माझ्या वहीत नासपतीला रकाना नाही.
गटाराची लाइन पुढल्या टप्प्यात आहे.
पुढला टप्पा कुठे आहे, मला विचारू नका.

खोटं कशाला बोलू, फेब्रुवारीत बर्फ कमरेएवढं होतं
आणि मावशीचा डायलिसिसचा वार.
पूर्वी अशा दिवशी लोक ट्रॅक्टरपुढे फावडी घेऊन चालायचे,
कधी पोचायचे. तिचा नवरा
ज्या वर्षी नाही पोचला, त्या वर्षी फावडी एकवीस होती.
या खेपेला पहाटेच्या अजानआधी
पिवळा दिवा फिरवत महापालिकेचं यंत्र आलं,
मागे रिकामी बस.
ड्रायव्हर परक्या भागातला, नाव गुर्बुझ,
मावशीने त्याच्या मांडीवर वाळवलेल्या नासपतींची पुरचुंडी ठेवली
आणि विचारलं, "तू शहर का?"
तो म्हणाला, "नाही, आजी, मी हंगामी."

पाटी गोदामात जमा करायची होती.
मी कागदावर लिहिलं: गहाळ.
ती मावशीच्या खुराड्याला दार म्हणून लागलीय,
मापात बसेना म्हणून उलटी.
शहराच्या हद्दीत कोंबड्या पाळायला मनाई आहे.
नोटीस वाटायचं काम माझ्याकडेच.
तिची नोटीस ऑक्टोबरपासून माझ्या पिशवीत आहे,
मीटरच्या वहीखाली, थोडी चुरगळली.
काल जाता जाता मोजल्या:
नऊ कोंबड्या, एक कोंबडा,
एक खुडूक.
दारावर डोकं खाली, पाय वर
चारशे बारा.