कडी जरा उचलून लावावी

धारवाडच्या हूगार पतीपत्नींसाठी
एक शंभर पानी वही आणली आणि लिहायला बसले.
पाणी पहाटे पाच चाळीसला येतं, पिंपाचं झाकण घट्ट बसत नाही.
न्हाणीची कडी जरा उचलून लावावी.
आठच्या सुमारास ग्रिलवर कावळा येईल,
त्याला पोळी चालते, पाव चालत नाही.

इतकं घर तोंडपाठ झालंय
हे लिहितानाच कळलं.

निरंजन म्हणाला, दागिने लॉकरमध्ये ठेव. ठेवले.
मग आईच्या रिपोर्टांची जाड फाईल, माझे विटके गाऊन,
भांडणात भिंतीवर आपटून चेपलेला स्टीलचा डबा,
ते कुठे ठेवावं सुचेना.
बँक असलं काही घेत नाही.
शेवटी सगळं होतं तिथेच राहू दिलं,
कपाटाचा एक कप्पा त्यांच्यासाठी मोकळा केला,
त्यात नवा कागद अंथरला.

किल्ली घेताना तिसऱ्या मजल्यावरच्या खोतांना पटेना.
"म्हणजे भाडं नाही? डिपॉझिट तरी?"
नाही हो. ते आमच्यात राहणार, आम्ही त्यांच्यात.
त्यांच्या अबोलीला आम्ही पाणी घालायचं,
आमच्या कावळ्याला त्यांनी पोळी.
खोत किल्लीकडे बघत राहिले,
जणू ती खोटी असावी.

बारा दिवसांनी कांजूरमार्गला परतलो.
जिन्यात पहिल्या मजल्यावरची ओवी आडवी आली,
"सुमंगलाआज्जी परत कधी येणार?"
एकोणीस वर्षांत या जिन्यात
माझं नाव कुणी घेतलेलं आठवत नाही.
मीही ओवीचं नाव
त्याच दिवशी विचारलं.

ओट्यावर शेंगाचटणीची बरणी, तिच्याखाली वही.
माझ्या अक्षराखाली गोलगोल, कानडी वळणाचं मराठी:

"कडी पहिले दोन दिवस उचलून लावली.
मग ह्यांनी तेल घातलं. आता उचलायला नको.
कावळे दोन आहेत. दुसरा लंगडा, लेट येतो.
पहिला त्याला काही ठेवत नाही, तुम्ही ठेवा.
खोतांना शुगर आहे, चहा बिनसाखरेचा.
मागच्या खोलीत स्टुलावर उभं राहून डावीकडे बघितलं तर
दोन टॉवरच्या मधून खाडी दिसते.
तुम्हाला माहीत असेलच."

निरंजन बॅगा उघडत होता. मी स्टूल ओढलं.
ओहोटी असावी.
चिखलाची एक पट्टी, बोटभर,
आणि तिच्यावर ऊन.

आणि मी त्यांच्या वहीत काय लिहून आले होते?
"घर छान आहे. आभारी आहोत."
त्यांचं दार कुठे अडतं, बघितलंच नाही.
त्यांच्या गच्चीवरून काय दिसतं,
तेही त्यांनाच फोन करून विचारावं लागेल.

करेन. आधी हातपाय धुवावेत म्हणून न्हाणीत गेले,
दार लोटलं,
आणि हातानं सवयीनं
कडी उचललीच.